ग्रोथ माइंडसेट मुलांना शिकवायचा की शाळेला?

शाळांमध्ये सध्या एक नवी भाषा आली आहे. ‘सोशल इमोशनल लर्निंग’ म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षण, आणि ‘ग्रोथ माइंडसेट’ म्हणजे बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, ती प्रयत्नाने वाढते ही धारणा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सामाजिक-भावनिक क्षमतांना शिक्षणाच्या उद्दिष्टांत जागा दिली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्यात श्वसनाची तंत्रं, ध्यान, समस्या सोडवणं, नातेसंबंध हाताळणं असे विषय आले. आमचा धाराशिव जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि शिक्षण हा त्या यादीतला एक मुख्य निकष आहे. त्यामुळे ही भाषा आमच्या दाराशी आली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

या शिकवणीचा गाभा एका छोट्या शब्दात सांगतात. ‘मला जमत नाही’ म्हणू नकोस, ‘मला अजून जमत नाही’ म्हण. नळदुर्गच्या वस्तीतल्या मुलीला हे सांगायला आमची काहीच हरकत नाही. बुद्धी जन्माने ठरत नाही, हे सिद्ध करण्यासाठी तर आमच्या चार-पाच पिढ्या झिजल्या. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ‘तुझं जन्मानेच ठरलेलं आहे’ हे त्या मुलीला मुळात सांगितलं कुणी? तिच्या मनाने, की तिच्या गावाने? रोग गावाला आणि औषध मुलीला, असा उपचार चालला असेल तर त्यावर बोललं पाहिजे. त्यासाठी थोडा इतिहास उलगडावा लागेल.

सुरुवात परदेशातून करू, कारण हे शब्द तिकडून आले आहेत. ग्रोथ माइंडसेट हा शब्द कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या २००६ च्या पुस्तकाने जगभर पोचवला. त्याआधी, १९९८ मध्ये, क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले होते. ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे अवघड कोडी टाळू लागली. ‘तू मेहनत घेतलीस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं अवघड कोड्यांना भिडली. हे संशोधन टाकाऊ नाही. शिक्षकाच्या तोंडच्या एका वाक्याने मूल बदलतं, हे त्यातून कळतं.

पण सामाजिक-भावनिक शिक्षणाचं मूळ त्याहून जुनं आहे आणि ते आपल्या तरुणांना फारसं सांगितलं जात नाही. १९६८ मध्ये येल विद्यापीठातले एक काळे मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. जेम्स कोमर, यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन शाळा हातात घेतल्या. तिथली बहुतेक मुलं काळी आणि गरीब. गुण कमी, गैरहजेरी जास्त, वर्गात रोज भांडणं. सगळ्यांचं म्हणणं होतं की ही मुलंच तशी आहेत, त्यांच्या घरचं वळणच तसं आहे. कोमर यांनी दोष शाळेच्या कारभारात शोधला. त्यांनी प्रत्येक शाळेत पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांचं एकत्र मंडळ बनवलं आणि शाळेचे निर्णय त्या मंडळाकडे दिले. काळ्या आया शाळेच्या कारभारात बसू लागल्या. काही वर्षांत हजेरी वाढली, तक्रारी कमी झाल्या, गुण वर गेले. पुढे १९९४ मध्ये ‘सोशल इमोशनल लर्निंग’ या नावाची छत्री उभी राहिली, संस्था आल्या, पुस्तिका आल्या, प्रशिक्षणं आली. या प्रवासात कोमर यांचा मूळ आग्रह, म्हणजे शाळेची सत्ता वाटून घ्या, हा मागे पडला. उरली ती मुलाने स्वतःच्या भावना सांभाळण्याची कार्यपुस्तिका. आमच्यापर्यंत पोचली ती हीच.

आता आपल्याकडे या.

‘फिक्स्ड माइंडसेट’ ही चीज भारताला कुणी शिकवायची गरज नव्हती. कोण ज्ञान घेणार, कोण शस्त्र धरणार, कोण व्यापार करणार आणि कोण सेवा करणार हे जन्माने ठरवून टाकणारी चातुर्वर्ण्याची चौकट म्हणजे फिक्स्ड माइंडसेटच. फरक एवढाच की ती कुणा एकाच्या डोक्यात नव्हती. ती धर्मग्रंथात होती, गावच्या रचनेत होती आणि दफ्तरातल्या कागदांवर होती. आमच्या भागात त्या कागदाचं नाव होतं वतन. मूल जन्मायच्या आधी त्याचं काम ठरलेलं. निरोप पोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, वेशीवर जागायचं. मोबदला म्हणून बलुतं आणि इनामाचा जमिनीचा तुकडा. ज्याचं आयुष्य असं आधीच लिहून ठेवलं आहे, त्याला ‘प्रयत्न केलास तर वाढशील’ हे वाक्य सांगणं म्हणजे त्या लिखाणाविरुद्ध बंड पुकारणं होतं.

ते बंड शाळेतून सुरू झालं. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज विद्यापीठांत अभ्यासला जातो. तीन वर्षांत त्या मुलीची बुद्धी अचानक फुलली असं मानायचं कारण नाही. बुद्धी होतीच, वर्ग नव्हता. वर्ग मिळाला, शिकवणारी माणसं मिळाली, विचारायची मुभा मिळाली आणि तिने धर्मालाच प्रश्न विचारले.

त्याच सुमारास उलटं उदाहरणही घडलं. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. तत्त्व म्हणून त्याचं म्हणणं सरकारला खोडता आलं नाही. तरीही एका मुलाला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, या कारणाने सरकारने हात वर केले. या प्रकरणात त्या मुलाच्या मनोवृत्तीत काय खोट होती? ज्या काळात त्याच्या सावलीचा विटाळ मानत होते, त्या काळात त्याने सरकारला अर्ज लिहिला. एवढी जिद्द आजच्या कुठल्याही कार्यपुस्तिकेत बसणार नाही. दार तरी बंदच राहिलं.

बाबासाहेबांचं बालपण याच दाराच्या उंबऱ्यावर गेलं. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसणं, शिपाई नसेल तर पाणी नाही, हे आपल्याला पाठ आहे. म्हणून पुढे त्यांनी जेव्हा स्वतः शिक्षणाचं काम हाती घेतलं, तेव्हा मुलांना धीराचे चार शब्द सांगून ते थांबले नाहीत. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सभेच्या पहिल्या कामांपैकी एक होतं वसतिगृह. ते ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात सुरू झालं. हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांच्या राहण्याची, जेवणाची, कपड्यांची, वह्या-पुस्तकांची सोय तिथे होती. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिकही चालवलं.

नळदुर्गच्या तरुणांनी हे वसतिगृह विशेष लक्षात ठेवावं. सोलापूर आमच्यापासून जेमतेम ४५-५० किलोमीटर. आज हैदराबाद रस्त्याने तासाभरात पोचता येतं. पण १९२५ मध्ये मध्ये एक सरहद्द होती. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला घरात मराठी, हायस्कूलमध्ये उर्दू आणि गावात वेठबिगार. एकाच समाजाची, एकाच भाषेची, सारख्याच डोक्याची दोन मुलं. एक सरहद्दीच्या त्या बाजूला, एक या बाजूला. एकाला वसतिगृह मिळायची शक्यता तरी होती, दुसऱ्याला तीही नव्हती. दोघांच्या आयुष्यात पुढे जो फरक पडला, तो माइंडसेटने मोजता येईल का?

ही कोंडी फोडायला चळवळ आमच्या जिल्ह्यातही आली. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. गावच्या शाळेत त्यांचा मुक्काम झाला. ज्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं होतं तो माणूस विद्वान होऊन आला, एका खेड्यातल्या शाळेत राहिला आणि बाहेर जमलेल्या वतनदारांपुढे वतनाचाच प्रश्न मांडला गेला. परिषदेच्या नावातही बोध आहे. ती महार आणि मांग दोघांची होती. जन्माने ठरवून दिलेल्या कामातून सुटायचं तर एकट्याने सुटता येत नाही, हे त्या पिढीला समजलं होतं.

त्यानंतरचे टप्पे एकाच दिशेने जातात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे आग्रह धरला आणि १९४४ च्या सुमारास अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलेलं महाविद्यालय. निजामी राजवट संपून दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मराठवाड्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून पोरं नागसेनवनात येऊ लागली.

नावंसुद्धा विचार करून दिलेली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन उत्तर देणारा भिक्खू. विद्यार्थ्याने प्रश्न विचारायचा, ही त्या आवाराची पहिली शिकवण होती. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं आणि महाविद्यालयातल्या मुलांनी ते रंगमंचावर आणलं. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं. खोली, खानावळ, ग्रंथालय, रंगमंच, नियतकालिक आणि आपल्याला कमी न लेखणारे शिक्षक एवढं मिळालं, आणि ज्यांच्या घरात अक्षर नव्हतं त्यांच्यातून कवी, प्राध्यापक, वकील, अधिकारी निघाले. आम्ही सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतो ते याला.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आता शाळेत सगळे एकत्र बसतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. जागतिक बँकेच्या संशोधक कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३२१ सवर्ण मुलं आणि ३२१ दलित मुलं. काम साधं, कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढायची, जितक्या वाटा सुटतील तितके पैसे. जात उघड केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग मुलांची नावं, गाव, बाप-आजाची नावं आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी सुमारे एक-पंचमांशाने घसरली. मुलं तीच, डोकी तीच, कागदही तसाच. बदललं ते फक्त खोलीतलं वातावरण.

हा प्रयोग वाचून आपल्या वर्गांकडे बघा. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की भर वर्गात ‘एससीवाले उभे राहा’ ही हाक कितीदा ऐकलेली असते? जातीच्या दाखल्याची यादी फळ्याशेजारी लावणं, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं ते न पाहिल्यासारखं करणं, वर्ग झाडायला ठराविक मुलांनाच सांगणं. यातला प्रत्येक प्रसंग म्हणजे ती नावं पुन्हा मोठ्याने वाचणं आहे. शनिवारी सकाळी दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचं आणि सोमवारी जात पुकारून उभं करायचं, तर त्या श्वासाचा उपयोग काय?

ग्रोथ माइंडसेटवाल्यांच्या आपल्याच संशोधनाने आता हे मान्य केलं आहे. २०१९ मध्ये डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्यांनी अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी चार गुणांच्या मापावर जेमतेम ०.१ ने सुधारली. धड्याचा खर्च पाहता हेही बरंच म्हणायचं. पण अवघड काम अंगावर घेण्याला जिथल्या मुलांमध्ये मान होता, तिथेच तो धडा नीट रुजला. त्याच वर्षी एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातल्या दीडशे प्राध्यापकांचा अभ्यास मांडला. ‘बुद्धी ठरलेली असते’ असं मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गात गोऱ्या आणि वंचित वंशगटांतल्या विद्यार्थ्यांच्या गुणांमधलं अंतर दुपटीपर्यंत जास्त निघालं. म्हणजे बिघाड फळ्यासमोरच्या बाकावर जितका शोधतात, त्याहून जास्त फळ्याशेजारी उभा असतो.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेली. संशोधन करण्यापर्यंत आणि स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचलेल्या या दोघांकडे चिकाटी नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? चिकाटी भरपूर होती. सोसायला लावणारी यंत्रणा मात्र कुठल्याही प्रशिक्षणाला बसली नव्हती. म्हणून ‘लवचिक बना, ताण हाताळा’ हे आमच्या मुलांना सांगताना जपून सांगितलं पाहिजे. अन्याय सोसण्याची ताकद वाढवणं हे शिक्षणाचं ध्येय ठरलं तर अन्याय करणाऱ्याचं कामच सोपं होतं.

‘माइंडफुलनेस’चंही तेच. हा शब्द पाली ‘सति’चं भाषांतर आहे. बुद्धाच्या मार्गात सति एकटी नाही. तिच्यासोबत शील आहे, सम्यक वाणी आहे, सम्यक आजीविका आहे. बाबासाहेबांनी मैत्रीला करुणेच्याही पुढे नेलं आणि बंधुत्वाला लोकशाहीचा पाया मानलं. ध्यान घ्यायचं आणि मैत्री गाळायची, ही निवड शाळेने करू नये. शेजारच्याच्या डब्यातली भाकरी खाता येत नसेल तर डोळे मिटून बसल्याने वर्गात बंधुता येत नाही.

भावनिक शिक्षण कसं असावं याचं एक उदाहरण नळदुर्गातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला. हजारो माणसं गाडली गेली आणि असंख्य मुलं पोरकी झाली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं केलं. समाजवाद्यांशी आमचे वैचारिक मतभेद आहेत आणि ते राहतील. पण इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागते. ज्या मुलांनी एका पहाटेत आई-बाप गमावले, त्यांना आधी छप्पर, ताट आणि शाळा दिली. १९२५ चं सोलापूरचं वसतिगृह आणि १९९३ नंतरचं नळदुर्गचं घर यांचा धागा एक आहे. मुलाचं मन सावरायचं तर आधी त्याच्या भोवतीची माणसं आणि जागा उभी करावी लागते.

आता थोडं आपल्या आतही बघू. प्रयत्नाला काही अर्थ नाही असं आम्ही म्हणत नाही. रात्र-रात्र वाचणाऱ्या बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्यांना तसं म्हणताच येणार नाही. व्यवस्थेकडे बोट दाखवून अभ्यास टाळणारा कार्यकर्ता चळवळीच्या कामाचा नाही. आणि फिक्स्ड माइंडसेट आपल्या घरातही शिरतो. ‘गणित-इंग्रजी आपल्या पोरांचं काम नाही’, ‘पोरीला डीएड बास’ ही वाक्यं वस्तीतच ऐकू येतात. मातंग, ढोर, होलार, भटक्या-विमुक्त मुलांबद्दल बोलताना आपल्यातल्याच काहींची जीभ घसरते. कसबे तडवळ्याच्या परिषदेचं नाव आणि मुक्ता साळवेंचा निबंध या दोन गोष्टी तेव्हा आठवाव्यात.

मग करायचं काय? आमच्या हातात एक कायदेशीर साधन आहे आणि ते बहुतेक ठिकाणी कागदावर पडून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. कोमर यांनी १९६८ मध्ये न्यू हेवनमध्ये जे मंडळ बनवलं, त्याच्याशी नातं सांगणारी ही रचना आहे. आपल्या वस्तीतल्या आया त्या समितीत आहेत का? बैठक होते का, की घरी वही पाठवून सही घेतली जाते?

नळदुर्ग आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनी समितीच्या बैठकीत चार गोष्टी इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात. एक, कुठल्याही विद्यार्थ्याची जात वर्गात पुकारली जाणार नाही, शिष्यवृत्तीचं काम पालकांशी वेगळं होईल. दोन, बैठक, पंगत आणि सफाईची पाळी यांत सर्व मुलं आळीपाळीने असतील. तीन, कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे, तेव्हा जातीवरून टोमणा हा छळ समजून त्याची तक्रार घेतली जाईल. चार, आनंददायी शनिवारच्या तासात मुक्ता साळवे, सावित्रीबाई, फातिमा शेख, बाबासाहेब यांच्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या जातील आणि मुलांना त्यावर प्रश्न विचारू दिले जातील. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुलं मागे राहिली असतील तर त्यांच्या हंगामी वसतिगृहाची मागणीही याच बैठकीतून पुढे जावी.

यातल्या एकाही गोष्टीला परदेशी पुस्तिकेची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती बैठकीच्या दिवशी दहा माणसांनी शाळेत जाऊन बसण्याची. मुलगी ‘मला अजून जमत नाही’ म्हणायला तयार आहेच. तिच्या शाळेनेही आपल्याबद्दल तेच म्हणावं आणि कामाला लागावं. पुढची बैठक कधी आहे, ते उद्याच मुख्याध्यापकांना विचारा.

जयभीम!